पिलांच्या आतड्यातील विषाणू आणि पेप्टाइडांचे अस्त्र

वराहपालनात पिलाच्या आयुष्याचा पहिला आठवडा सर्वांत नाजूक समजला जातो. या काळात पिलांना हगवण लागली आणि तिचे कारण विषाणू असेल, तर पशुवैद्यकाच्या हाती फारसे काही उरत नाही. जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके विषाणूंवर निरुपयोगी ठरतात. पिलाला लस टोचावी, तर प्रतिकारशक्ती तयार होण्याआधीच ते दगावते. आतड्यातील या विषाणूंवर नेमका मारा करणारे औषधही नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या काही वर्षांत संशोधकांचे लक्ष सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांकडे वळले आहे. कीटक, बेडूक, डुक्कर आणि माणूस अशा सर्वच प्राण्यांच्या शरीरात रोगजंतूंना रोखण्यासाठी निसर्गतः तयार होणारे हे छोटे प्रथिनांश आहेत. परीक्षानळीत ते विषाणूंना चांगलेच रोखतात. परंतु पिलाच्या आतड्यात ते टिकतील का आणि त्यांचा वापर माणसाच्या आरोग्याला बाधक तर ठरणार नाही ना, हे खरे प्रश्न आहेत.

साथीचा इतिहास

पिलांना होणाऱ्या विषाणुजन्य हगवणीचे पहिले सविस्तर वर्णन १९४६ मध्ये अमेरिकेत झाले. 'ट्रान्समिसिबल गॅस्ट्रोएन्टरायटिस' अर्थात टीजीई या नावाने तो रोग ओळखला जाऊ लागला. पुढे १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये डुकरांत तशाच लक्षणांची साथ आली. मात्र टीजीईचा विषाणू काही सापडेना. १९७८ मध्ये बेल्जियममधील मॉरिस पेन्सार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका नव्या कोरोना विषाणूचे वर्णन केले. डुकरांच्या साथीच्या हगवणीचा हा विषाणू पीईडी या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. युरोपात कालांतराने त्याचा जोर ओसरला, पण आशियात त्याने मूळ धरले.

२०१० पासून चीनमध्ये या विषाणूच्या अधिक घातक प्रकाराने थैमान घातले आणि दक्षिण चीनमध्ये दहा लाखांहून अधिक पिले मृत्युमुखी पडली. मे २०१३ मध्ये हा रोग अमेरिकेत असल्याचे निश्चित झाले. तेथील डुकरांचा या विषाणूशी पूर्वी कधीही संबंध आला नव्हता, त्यामुळे पहिल्या वर्षभरातच सुमारे ७० लाख पिले दगावल्याचा अंदाज आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतील डुकरांचे भाव विक्रमी पातळीवर गेले, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

याच कुळातील आणखी विषाणू नंतर उजेडात आले. डुकरांतील डेल्टाकोरोना विषाणूचे वर्णन २०१२ मध्ये हाँगकाँगमधील संशोधकांनी केले आणि २०१४ मध्ये तो अमेरिकेत आढळला. २०१६ च्या अखेरीस चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पिलांमध्ये नवी साथ उद्भवली. चार फार्मवर मिळून २४ हजार ६९३ पिले दगावली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून या साथीचा विषाणू वटवाघळांतून आल्याचे स्पष्ट झाले. पीईडीचा विषाणू माणसाला बाधत नाही. तथापि नवनवे कोरोना विषाणू वटवाघळांतून डुकरांत शिरू शकतात, ही बाब सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

पिलेच का दगावतात?

लहान आतड्याच्या आतल्या बाजूस बोटांसारखे अतिसूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम या रसांकुरांवरील पेशी करतात. तोंडावाटे शिरलेला विषाणू नेमक्या याच पेशींत वाढतो. पेशी मरून गळून पडल्या की रसांकुर आखूड होतात. पोटात गेलेले दूध पचत नाही, शोषलेही जात नाही. उलट ते शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते. पातळ जुलाब, ओकारी आणि निर्जलीकरण यांमुळे पिलू दोन ते चार दिवसांत प्राण सोडते.

मोठ्या डुकरालाही हा रोग होतो, पण ते बहुधा आठवडाभरात सावरते. फरक आतड्याच्या डागडुजीच्या वेगाचा आहे. तीन आठवड्यांच्या पिलात रसांकुरांवरील पेशींची नवी फळी दोन-तीन दिवसांत उभी राहते. नवजात पिलात त्यासाठी पाच ते सात दिवस लागतात. तेवढी उसंत त्याला मिळत नाही. म्हणूनच आठवड्याच्या आतील पिलांमधील मृत्यूचे प्रमाण ५० टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत जाते.

दुसरे कारण जन्माआधीचे आहे. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. पिलू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्रच. पहिल्या दिवस-दीड दिवसात प्यायलेल्या चिकातून आणि पुढे दुधातून मिळणाऱ्या प्रतिपिंडांवरच त्याची सारी भिस्त असते. त्यामुळे लस द्यायची ती पिलाला नव्हे, तर त्याच्या आईला. अमेरिकेत २०१४ मध्ये अशा लसींना सशर्त परवाने मिळाले. परंतु ज्या डुकरिणीला पूर्वी या विषाणूची लागण झालेली नाही, तिच्या दुधात केवळ टोचलेल्या लसीने पुरेशी प्रतिपिंडे उतरत नाहीत, असा अनुभव आहे. म्हणून अनेक फार्मवर आजारी पिलांच्या आतड्याचा अंश गाभण डुकरिणींना मुद्दाम खाऊ घालून त्यांच्यात प्रतिकारशक्ती जागवण्याचा मार्ग पत्करला जातो. या उपायात इतर रोग पसरण्याचा धोका उघड आहे.

पेप्टाइडांचा शोध

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांत साधारणतः १२ ते ५० अमिनो आम्ले असतात. त्यांच्या अभ्यासाला खरी गती १९८१ मध्ये मिळाली. स्वीडनमधील हान्स बोमान यांच्या गटाने सेक्रोपिया नावाच्या पतंगाच्या कोषातून 'सेक्रोपिन' वेगळे केले. १९८७ मध्ये अमेरिकेतील मायकेल झासलॉफ यांनी आफ्रिकेतील एका बेडकाच्या त्वचेत 'मॅगेनिन' शोधले. शस्त्रक्रिया केलेले बेडूक अस्वच्छ पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत कशा नाहीत, या कुतूहलातून तो शोध लागला होता.

डुकराचे आतडेही या अभ्यासात लवकरच आले. १९८९ मध्ये त्यातून 'सेक्रोपिन पी-१' मिळाल्याचे जाहीर झाले. सस्तन प्राण्यात सेक्रोपिन सापडल्याचे त्या वेळी मोठे अप्रूप होते. परंतु हे पेप्टाइड डुकराचे नसून त्याच्या आतड्यात राहणाऱ्या जंताचे आहे, असे २००३ मध्ये सिद्ध झाले. त्याच आतड्यातून १९९१ मध्ये मिळालेले 'पीआर-३९' मात्र डुकराचेच ठरले. प्रोलिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्ले त्यात विपुल असून साखळीची लांबी ३९ आहे; नाव त्यावरूनच पडले. १९९३ मध्ये डुकराच्या पांढऱ्या पेशींतून 'प्रोटेग्रिन' मिळाले.

या बाबतीत डुक्कर माणसापेक्षा श्रीमंत आहे, असे म्हणता येईल. कॅथेलिसिडिन या गटातील एकच पेप्टाइड, 'एलएल-३७', माणसात आढळते. डुकरात ती अकराच्या आसपास आहेत. शिवाय बीटा-डिफेन्सिन गटातील अनेक पेप्टाइडे त्याच्या आतड्यात आणि इतर अवयवांत तयार होतात. असे असूनही नवजात पिलू विषाणूला बळी पडते, कारण जन्माच्या वेळी आतड्याची ही संरक्षक यंत्रणा पूर्ण विकसित झालेली नसते. ही तूट बाहेरून भरून काढावी, हा पेप्टाइड-उपचारामागील मूळ विचार आहे.

विषाणूवर मारा कसा होतो?

जिवाणूंविरुद्धची त्यांची कार्यपद्धती तुलनेने सोपी आहे. या पेप्टाइडांवर बहुधा धन विद्युतभार असतो. तो लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांमुळे येतो. जिवाणूच्या पटलाची बाहेरील बाजू ऋणभारित असते. विरुद्ध भारांच्या आकर्षणाने पेप्टाइड पटलाला चिकटते, त्यात घुसते आणि त्याला भोके पाडते. प्राण्याच्या पेशीचे पटल बाहेरून उदासीन असते आणि कोलेस्टेरॉलमुळे अधिक बळकट असते; म्हणून ते बचावते.

विषाणूंच्या बाबतीत मात्र मोठा पेच आहे. कोरोना विषाणूचे मेदयुक्त आवरण त्याचे स्वतःचे नसते. ज्या पेशीत तो वाढतो, तिच्याच आतील पटलांतून त्याने ते उचललेले असते. मग पेप्टाइडाने विषाणूचे आवरण फाडावे आणि पेशीचे पटल राखावे, हे कसे साधावे? याचे उत्तर दुरुस्तीच्या क्षमतेत आहे. जिवंत पेशी आपल्या पटलाला पडलेले लहान छिद्र बुजवू शकते. विषाणूकडे तशी कोणतीही यंत्रणा नसते. म्हणजेच एकाच मात्रेत पेशी तगते आणि विषाणू निकामी होतो. ही मात्रा किती, हेच या संशोधनात नेमकेपणाने ठरवावे लागते. ती ओलांडली की औषधाचे विष होते.

आवरण फाडणे हा एकच मार्ग नाही. काही पेप्टाइडे विषाणूच्या पृष्ठभागावरील काटेरी प्रथिनाला चिकटून त्याला पेशीवर बसू देत नाहीत. काही पेप्टाइडे विषाणूचे आवरण आणि पेशीचे पटल यांचे मीलन रोखतात. काही थेट विषाणूवर मारा न करता पेशीच्या संरक्षक यंत्रणेला जागे करतात. पिलांच्या हगवणीचे दुसरे मोठे कारण असलेल्या रोटा विषाणूला मेदयुक्त आवरणच नसते. तेथे आवरण फाडणाऱ्या पेप्टाइडाचा उपयोग नाही. त्यामुळे एकच पेप्टाइड सर्व प्रकारच्या हगवणीवर चालेल, अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे ठरेल.

आजवरचे पुरावे

ऑस्ट्रेलियातील वृक्षबेडकाच्या त्वचेतून मिळणारे 'केरिन १.१' हे पेप्टाइड पीईडीच्या विषाणूला थेट चिकटून त्याची वाढ रोखते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. हे प्रयोग पेशीसंवर्धनातील होते. या क्षेत्रातील बहुतांश निष्कर्ष आजही याच पातळीवरचे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांपैकी अनेक प्रयोग आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या 'व्हेरो' पेशींवर झालेले असतात. त्या पेशी हाताळायला सोप्या खऱ्या. पण त्या ना डुकराच्या, ना आतड्याच्या.

त्याहून पुढचे पाऊल 'सर्फॅक्टिन'वरील अभ्यासात पडले. 'बॅसिलस सबटिलिस' या निरुपद्रवी जिवाणूपासून मिळणारे हे वर्तुळाकार पेप्टाइड असून त्याला मेदाम्लाचे शेपूट जोडलेले असते. चीनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ते पटलात शिरून विषाणू आणि पेशी यांच्या मीलनात अडथळा आणते. पीईडी आणि टीजीई या दोन्ही विषाणूंवर त्याचा प्रभाव दिसला. विशेष म्हणजे तोंडावाटे दिलेल्या सर्फॅक्टिनमुळे पिलांना पीईडीपासून संरक्षण मिळाल्याचेही त्यात नोंदवले आहे. अर्थात अधिक मात्रेत सर्फॅक्टिन तांबड्या रक्तपेशी फोडते. मात्रेचा प्रश्न येथेही सुटलेला नाही.

निष्कर्षांचा अर्थ लावताना प्रयोगाची पद्धतही पाहावी लागते. विषाणू आणि पेप्टाइड आधी एकत्र मिसळून मग ते पेशींवर सोडले, तर परिणाम ठळक दिसतो. लागण होऊन काही तास उलटल्यावर पेप्टाइड दिले, तर तो पुष्कळदा फिका पडतो. गोठ्यातील परिस्थिती दुसऱ्या प्रकारची असते. पिलाला जुलाब सुरू झाल्याचे लक्षात येते, तोवर विषाणू आतड्यात पसरलेला असतो. तेव्हा ही पेप्टाइडे उपयोगी पडलीच, तर आजारी पिलाला बरे करण्यापेक्षा साथीच्या काळात शेजारच्या निरोगी पिलांना वाचवण्यासाठी पडण्याची शक्यता अधिक आहे.

ट्रिप्सिनचा अडसर

तोंडावाटे दिलेल्या पेप्टाइडाची खरी परीक्षा पचनसंस्थेत होते. पेप्टाइड हा प्रथिनाचाच अंश असल्याने पचनसंस्था त्याला अन्न समजते. लहान आतड्यातील ट्रिप्सिन हे विकर अमिनो आम्लांची साखळी लायसिन आणि आर्जिनिन यांच्यापाशीच तोडते. पेप्टाइडाला धनभार देणारी अमिनो आम्ले नेमकी हीच. ज्या गुणामुळे पेप्टाइड प्रभावी ठरते, तोच त्याला पचनात घातक ठरतो.

याउलट पीईडीच्या विषाणूला ट्रिप्सिन पोषकच आहे. त्याचे काटेरी प्रथिन ट्रिप्सिनने छाटले गेले की विषाणूला पेशीत शिरणे सुकर होते. प्रयोगशाळेत हा विषाणू वाढवण्यासाठी संवर्धनात मुद्दाम ट्रिप्सिन घालावे लागते. म्हणजे आतड्यातील एकच विकर शत्रूला बळ देते आणि औषध नष्ट करते.

यावर काही तोडगे शोधले जात आहेत. निसर्गतः आढळणाऱ्या अमिनो आम्लांऐवजी त्यांची आरशातील प्रतिमा असलेली रूपे वापरली, तर विकरांना ती साखळी ओळखता येत नाही. साखळीची टोके जोडून ती वर्तुळाकार केली, तरी ती अधिक काळ टिकते. सर्फॅक्टिन वर्तुळाकार आहे आणि त्यात लायसिन वा आर्जिनिन नाही. त्यामुळे ट्रिप्सिनला तोडण्यासाठी जागाच मिळत नाही. पेप्टाइडावर सूक्ष्म आवरण चढवून ते योग्य ठिकाणी मोकळे करणे, हा आणखी एक मार्ग आहे.

मात्र प्रत्येक बदलागणिक खर्च वाढतो. माणसाच्या औषधात परवडणारी रासायनिक निर्मिती दीड किलो वजनाच्या पिलासाठी परवडणारी नसते. म्हणून यीस्टमधून पेप्टाइडे तयार करून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत. औषध पिलापर्यंत पोहोचवायचे कसे, हीही अडचण आहेच. पहिल्या आठवड्यात पिलू केवळ दूध पिते, खाद्य खात नाही. त्यामुळे खाद्यात मिसळण्याची सोपी पद्धत येथे चालत नाही. शेकडो पिलांच्या तोंडात दिवसातून अनेकदा औषध घालणे मोठ्या फार्मवर जिकिरीचे आहे.

कोलिस्टिनचा धडा

पेप्टाइडांचा आग्रह धरताना एक जुना अनुभव विसरता येणार नाही. कोलिस्टिन हे प्रतिजैविक जमिनीतील जिवाणूपासून मिळणारे पेप्टाइडच आहे. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर शेवटचा उपाय म्हणून ते माणसासाठी राखून ठेवले जाते. तेच औषध अनेक देशांत डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात वर्षानुवर्षे मिसळले जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिनला दाद न देणारे 'एमसीआर-१' हे जनुक डुकरांतील जिवाणूंत सापडल्याचे जाहीर केले. हे जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाऊ शकते आणि रुग्णांमधील जिवाणूंतही ते आढळले. २०१७ मध्ये चीनने खाद्यातील वाढवर्धक म्हणून कोलिस्टिनचा वापर थांबवला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्योपयोगी प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनची निर्मिती, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या प्रकरणाला आणखी गंभीर वळण दिले. एमसीआर-१ बाळगणारे जिवाणू केवळ कोलिस्टिनलाच नव्हे, तर कोंबडी, डुक्कर आणि माणूस यांच्या शरीरात निसर्गतः तयार होणाऱ्या पेप्टाइडांनाही अधिक दाद देईनासे होतात, असे त्यात दिसून आले. जिवाणू पेप्टाइडांविरुद्ध प्रतिकार सहजी कमावणार नाहीत, अशी एकेकाळी धारणा होती. २००६ मध्ये स्वतः झासलॉफ यांचा सहभाग असलेल्या प्रयोगातच ती ढासळली. मॅगेनिनपासून बनवलेल्या 'पेक्सिगॅनान'च्या सान्निध्यात जिवाणूंच्या शेकडो पिढ्या वाढवल्यावर त्यांच्यात प्रतिकार निर्माण झाला होता.

विषाणूसाठी दिलेले पेप्टाइड आतड्यातील जिवाणूंवरही परिणाम करणारच. जुलाबात होणारी जिवाणूंची दुय्यम लागण त्यामुळे टळेल, हा त्याचा लाभ. परंतु तेच पेप्टाइड स्वस्त झाले म्हणून रोज खाद्यात घातले, तर जिवाणू त्याला सरावतील आणि शरीराच्या जन्मजात संरक्षणालाही जुमानणार नाहीत, हा धोका. भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे ९० लाख ६० हजार डुकरे असून त्यांत आसामचा वाटा सर्वाधिक आहे. डुकरांची संख्या मर्यादित असली, तरी प्रतिकारक जिवाणूला प्राण्याची वा देशाची सीमा नसते.

पुढील दिशा

या अडचणी ओळखून काही संशोधकांनी वेगळी वाट धरली आहे. पेप्टाइड बाहेरून देण्याऐवजी शरीराकडूनच ते अधिक प्रमाणात तयार करून घ्यावे, असा हा विचार आहे. ब्युटिरेट या साध्या मेदाम्लामुळे डुकराच्या पेशींत संरक्षक पेप्टाइडांची निर्मिती वाढते, असे आढळले आहे. 'बॅसिलस सबटिलिस'सारखे उपयुक्त जिवाणू पिलाच्या आतड्यात वसवले, तर सर्फॅक्टिन जागच्या जागी तयार होऊ शकेल, ही दुसरी कल्पना. दोन्ही मार्ग स्वस्त आहेत. परंतु जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते पुरेसे लवकर परिणाम दाखवतील काय, हा निर्णायक मुद्दा आहे.

औषधाच्या परवान्यापर्यंतचा प्रवास किती खडतर असतो, याचे उदाहरण पेक्सिगॅनानच आहे. मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांसाठी तयार केलेल्या या औषधाला अमेरिकी औषध प्रशासनाने १९९९ मध्ये परवाना नाकारला. पिलांसाठीच्या पेप्टाइडांनाही निव्वळ परीक्षानळीतील यशावर मान्यता मिळणार नाही. लागण झालेल्या पिलांचे मृत्यू त्यामुळे घटतात, रसांकुर टिकून राहतात, योग्य मात्रेत आतड्याला इजा होत नाही आणि जिवाणूंत प्रतिकार वाढत नाही, या चार गोष्टी गोठ्यातील प्रत्यक्ष चाचण्यांत सिद्ध व्हाव्या लागतील. तोपर्यंत फार्मवर येणाऱ्या वाहनांची व पादत्राणांची कसोशीने स्वच्छता, आजारी पिलांना ऊब आणि क्षारयुक्त पाणी, तसेच डुकरिणीच्या दुधातून मिळणारे संरक्षण हेच उपाय पिलांच्या वाट्याला आहेत. पेप्टाइडे उद्या त्यांच्या जोडीला आली, तरी त्यांची जागा घेणार नाहीत.